वाचकांचे प्रश्न : ती उत्तरं बायकांनीच लिहिली का?

प्रश्न : जोसेफ स्वेटनम याने १६१५ साली लंडनमध्ये स्त्रीजातीची निंदा करणारी पुस्तिका काढली. १६१७ मध्ये तिला स्त्रियांच्या नावाने तीन उत्तरं छापून आली, असं एम. ए.ला शिकवलं. आमचे सर म्हणाले, ‘टोपणनावाने पुरुषांनीच लिहिली असतील.’ हे खरं आहे का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : सरसकट असं म्हणणं अन्यायाचं आहे, आणि मला त्याचा रागही येतो. एस्टर सावरनम आणि कॉन्स्टन्शिया मुंडा ही नावं बनावट आहेत, हे कबूल. एस्टरबाईंनी तर मुखपृष्ठावरच ‘ना कुमारिका, ना सधवा, ना विधवा, तरी खरं तर सगळं काही’ अशी ओळख करून दिली आहे. त्यामागे बाई की पुरुष, याचा छडा लागलेला नाही.

पण रेचल स्पेटचं काय? लंडनच्या एका पाद्र्याची ही लेक, वय जेमतेम वीस, आणि पुस्तकावर स्वतःचं खरं नाव! निंदा करणारा स्वेटनम मात्र आधी टोपणनावाआड लपला होता. त्याचं म्हणणं, बाई वाकड्या बरगडीतून घडली, म्हणून स्वभावानेही वाकडी. रेचलने त्याच बरगडीवरून त्याला गाठलं. देवाने हव्वेला आदमच्या पायापासून घडवलं नाही, म्हणजे ती खालची नव्हे. डोक्यापासून नाही, म्हणजे वरचीही नव्हे. काळजाजवळच्या कुशीतून घडवलं, म्हणजे बरोबरीची. वर त्याच्या व्याकरणाचेही वाभाडे काढले. हा भाग मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवत असे.

दोन्ही पुस्तकं काढणारा प्रकाशक एकच, थॉमस आर्चर. वाद पेटला की खप वाढतो, हे त्याने ओळखलं असणार. म्हणून काही रेचलचे शब्द खोटे ठरत नाहीत. वाचणाऱ्यांना ते झोंबले होते. येल विद्यापीठातल्या एका प्रतीत त्या काळच्या कुणीतरी समासात तिच्याविषयी घाणेरडे शेरे मारून ठेवले आहेत.

तुमच्या सरांची शंका तिच्या हयातीतच निघाली होती. पुस्तक बापाने लिहिलं, असं लोक म्हणू लागले. १६२१ मध्ये तिने स्वतःच्या नावाने कवितेचं पुस्तक काढलं आणि त्याच्या अर्पणपत्रिकेत स्पष्ट लिहिलं : ते माझे जनक आहेत, त्या पुस्तकाचे नव्हेत.