वाचकांचे प्रश्न : फळबागेचे अनुदान

प्रश्न : आम्ही ठाण्यात राहतो. शहापूर तालुक्यात वडिलांच्या पश्चात आमची तीन भावांची सामाईक दीड एकर जमीन असून तेथे आंबा व काजू लावण्याचा विचार आहे. अनुदान मिळेल का? नाशिककडील मेहुण्यांना द्राक्षांसाठी याच योजनेतून मदत मिळू शकेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्यासारख्यांसाठी विचारात घेण्याजोगी योजना म्हणजे राज्य शासनाची भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना. रोजगार हमीतून फळबागेचा लाभ घेऊ न शकणाऱ्या शेतकऱ्यांसाठी ती २०१८-१९ पासून सुरू झाली. कोकणात किमान १० गुंठे आणि कमाल १० हेक्टर अशी क्षेत्रमर्यादा असल्याने आपली जमीन तीत सहज बसते. मात्र केवळ शेतीवर उपजीविका असलेल्या कुटुंबांना प्राधान्य आहे, आणि ते योग्यच आहे. नोकरदार कुटुंबाने हे लक्षात ठेवूनच अर्ज करावा.

सातबारा सामाईक असल्याने अर्ज एका भावाच्या नावे करून उर्वरित दोघांचे संमतिपत्र जोडावे लागेल. सातबाऱ्यावर कुळाचे नाव असेल, तर त्याचीही संमती लागते. अर्ज शासकीय अनुदानांच्या अर्जांसाठी असलेल्या महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा असून त्यासाठी आता शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक आहे. कृषी विभागाची पूर्वसंमती हाती येण्याआधी खड्डे खोदू नयेत की कलमे आणू नयेत. उत्साहाच्या भरात आधी केलेला खर्च अनुदानात धरला जात नाही. कलमेही शासकीय, कृषी विद्यापीठाच्या किंवा मान्यताप्राप्त रोपवाटिकेतूनच घ्यावीत.

अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी मिळते. दुसऱ्या वर्षी किमान ८० टक्के आणि तिसऱ्या वर्षी किमान ९० टक्के झाडे जिवंत असतील, तरच पुढील हप्ता मिळतो. त्यामुळे खरा प्रश्न अर्जाचा नसून मार्च ते मे या महिन्यांतील पाण्याचा आहे. ज्या शहापूर तालुक्यातील भातसा आणि तानसा ही धरणे मुंबईला पाणी पुरवतात, त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही वेदनादायक वस्तुस्थिती आहे. आपल्या शेतात विहीर वा विंधन विहीर नसेल, तर आधी पाण्याची सोय आणि मगच बाग, असा क्रम ठेवावा. आठवड्याच्या सुट्टीला ठाण्याहून जाऊन कोवळी कलमे जगत नाहीत. गावातील विश्वासू माणसाला मोबदला देऊन पाणी देणे, गुरांपासून राखण करणे आणि वेळीच नांग्या भरणे (मेलेल्या कलमांच्या जागी नवी लावणे) ही कामे सोपवावीत. जमीन तयार करणे, शेणखत-मातीने खड्डे भरणे, आंतरमशागत आणि कुंपण हा खर्च शेतकऱ्यानेच करायचा असतो, तेव्हा पहिला हप्ता मिळण्यापूर्वीच स्वतःजवळ रक्कम असणे गरजेचे आहे.

द्राक्ष या योजनेतील बहुवार्षिक फळपिकांत नाही. मेहुण्यांना ठिबक संचासाठी मात्र केंद्राच्या सूक्ष्म सिंचन योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारक (दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेले) असल्यास ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के अनुदान असून राज्याच्या पूरक अनुदानाने ते अनुक्रमे ८० व ७५ टक्क्यांपर्यंत जाते. तोही अर्ज महाडीबीटीवरच करावा, आणि येथेही पूर्वसंमतीपूर्वी संच खरेदी करू नये.