एलसी-एमएस डेटात (कॉलममधून संयुगं वेगळी करून मास स्पेक त्यांचं वस्तुमान मोजतो, तो डेटा) एकच पीक, म्हणजे एका संयुगाचा सिग्नल, दर नमुन्यात वेगळ्या वेळी येतं. अलाइनमेंटसाठी, म्हणजे या वेळा जुळवायला, सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं? पद्धत ओबीवार्प घेऊ की पीक-ग्रुप्स? रन होऊन गेलेत, आता सॉफ्टवेअरनेच सरळ करायचंय.

एक्ससीएमएस, एमझेडमाइन, एमएस-डायल, ओपनएमएस, यांतलं कुठलंही घ्या. चारही फुकट मिळतात, चारही काम करतात. मला खटकलं ते तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य: "रन होऊन गेलेत, आता सॉफ्टवेअरनेच सरळ करायचंय." हे मी आमच्या सरांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मास स्पेक चालवायचे. प्रकल्प टाइप 2 मधुमेहाचा. रुग्ण आणि निरोगी माणसं, दोघांचा उपाशीपोटीचा प्लाझ्मा. फ्रीझरमध्ये निरोग्यांचे डबे वर होते, म्हणून आधी ते सगळे मशीनवर लावायचे आणि मग मधुमेही, असं ठरलं. मी म्हटलं, सर, सगळे नमुने मिसळून लावू या, आणि प्रत्येकातला थोडा थोडा प्लाझ्मा एकत्र करून तो क्यूसी (मशीन स्थिर आहे का ते तपासणारा नमुना) म्हणून दर आठ-दहा इंजेक्शनांमागे टाकू या. उत्तर आलं, "क्यूसीत मशीनचा वेळ फुकट जातो. वेळा सरकतात तो ड्रिफ्ट एक्ससीएमएस काढतं. तू मशीन बघ, डेटा आम्ही बघतो."

निरोगी संपता संपता कॉलमचा दाब चढला, कॉलम बदलावा लागला. तोच मेक, तेच माप, मोबाइल फेजही (कॉलममधून वाहणारा द्रव) ताजा केलेला. तरी बरीचशी पीकं उशिरा यायला लागली. मी लॉगबुकात तारखेसकट लिहून ठेवलं. लॉगबुक वाचतो कोण!

मग निकाल आले आणि सर हवेत. मधुमेहींमध्ये ल्युसिन हे अमिनो आम्ल जवळजवळ निम्म्यावर, शिवाय ल्युसिनच्याच 132.1019 या एमझेडवर (वस्तुमान भागिले विद्युतभार) थोडं पुढे एक पीक, जे फक्त मधुमेहींतच दिसतं. "नवीन मार्कर!" पोस्टरची तयारी सुरू. आता ज्याने या विषयातलं थोडंफार वाचलंय त्याला माहीत असतं की 2011 मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या दीर्घकालीन आरोग्य-अभ्यासातून नेमकं उलटं बाहेर आलं होतं: ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन आणि फेनिलअॅलनिन ज्यांच्या रक्तात जास्त, त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका जास्त. आमच्याकडे गंगा उलटी वाहत होती आणि कुणाला शंकाही आली नव्हती.

मी सगळ्या फाइलींचा 132.1019 चा कच्चा क्रोमॅटोग्राम (वेळेनुसार सिग्नलचा आलेख) एकावर एक काढला. दोन मिनिटांचं काम. ल्युसिन आणि आयसोल्युसिन यांचं वस्तुमान एकच. सी-18 कॉलमवर आयसोल्युसिन आधी येतं, ल्युसिन मागून. आमच्या मेथडमध्ये दोघांत 20 सेकंदांचं अंतर होतं, आणि नव्या कॉलमवर ती दोन्ही साधारण तेवढीच पुढे सरकलेली. म्हणजे मधुमेहींचं आयसोल्युसिन निरोग्यांच्या ल्युसिनच्या जागी येऊन बसलं. प्लाझ्मात आयसोल्युसिन ल्युसिनच्या जवळपास निम्मंच असतं, म्हणून "घट". आणि मधुमेहींचं खरं ल्युसिन आणखी पुढे गेलं, तो झाला "नवीन मार्कर". दोन अमिनो आम्लांची तीन फीचर्स (टेबलातल्या एमझेड आणि वेळेच्या नोंदी) झाली होती. तिसरं, म्हणजे निरोग्यांचं आयसोल्युसिन, "फक्त निरोग्यांत सापडणारं" म्हणून यादीत खाली पडून होतं, त्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग एक्ससीएमएसने का नाही सरळ केलं? त्यांनी पीक-ग्रुप्स पद्धत लावली होती. तिला आधाराला अशी पीकं लागतात जी जवळजवळ सगळ्या नमुन्यांत सापडतात. सॉफ्टवेअरची मूळ मर्यादा 90 टक्के. अर्ध्या फाइली सरकलेल्या असताना अशी पीकं उरली ती फक्त अगदी सुरुवातीची, कॉलमला न चिकटता बाहेर पडणारी. त्यांची वेळ हललीच नव्हती. प्रोग्रामने प्रामाणिकपणे सांगितलं, ड्रिफ्ट नाही. त्यातच ग्रुपिंगला (वेगवेगळ्या नमुन्यांतली कुठली पीकं एकच मानायची ते ठरवणं) निरोगी आणि मधुमेही असे दोन गट दिलेले, आणि तिथला नियम असा की एका गटातल्या निम्म्या नमुन्यांत सापडलं तरी फीचर टिकतं. उरलेल्या रिकाम्या जागा गॅप-फिलिंगने नॉइजने भरल्या. टेबल कसं छान भरलेलं दिसत होतं!

शुद्ध ल्युसिन आणि आयसोल्युसिन नव्या कॉलमवर टाकून वेळा दाखवल्या, एमएस-एमएसमध्ये (रेणू फोडून तुकडे मोजणं) आयसोल्युसिनचा 69 चा तुकडाही दाखवला, तेव्हा कुठे पोस्टर थांबलं. पेपर पुढे आला, माझं नाव आभारांत. असो.

आता तुमचं. एमझेडएमएल फाइलीत (मास स्पेक डेटाचा खुला फाइल-प्रकार) सहसा प्रत्येक रनची सुरुवातीची वेळ असते. ती काढा, फाइली त्या क्रमाने लावा, आणि ओळखीची पाच-सहा संयुगं (इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे प्रत्येक नमुन्यात मुद्दाम टाकलेली संयुगं, असतील तर तीच) घेऊन त्यांची रिटेन्शन टाइम (कॉलममधून बाहेर येण्याची वेळ) क्रमाविरुद्ध प्लॉट करा. हळूहळू सरकतंय की एका जागी उडी आहे, ते डोळ्यांनी दिसेल. आधी हे, पॅरामीटर नंतर. सेंटवेव्हची (एक्ससीएमएसची पीकं शोधणारी पद्धत) पीकविड्थ मूळ सेटिंगमध्ये 20 ते 50 सेकंद असते. यूपीएलसीची (जास्त दाबावर चालणारी वेगवान एलसी) पीकं त्याहून बरीच अरुंद, तिथे ती तशीच ठेवलीत तर पुढचं सगळं वाया. ग्रुपिंगची बँडविड्थ (किती सेकंदांतली पीकं एक धरायची) मूळ सेटिंगमध्ये 30 सेकंद असते. आमच्यासारखी जोडी तिच्यात एकच होऊन जाते (आमच्याकडे ती आधीच घट्ट केलेली होती). घट्ट करा, पण अलाइनमेंट झाल्याचं तपासल्यावर.

ओबीवार्प की पीक-ग्रुप्स, हेही तुम्ही विचारलंय. मोठी उडी असेल तर ओबीवार्प, कारण तो पीकं न शोधता अख्खा सिग्नल ताणून जुळवतो. क्यूसी असतील तर दोन्ही पद्धतींत फक्त क्यूसींवर अलाइनमेंट करून बाकीचे नमुने त्यांच्यामागे नेता येतात. हा पर्याय सगळ्यात भरवशाचा. मात्र कुठलंही वार्पिंग काळ ताणतं किंवा आखडतं, क्रम बदलत नाही. पीएच हलल्यामुळे दोन संयुगांनी जागांची अदलाबदल केली असेल तर ते कुणाच्या बापाला सरळ करता येणार नाही. आणि क्यूसींत ज्या फीचरचा आरएसडी (सरासरीच्या तुलनेत चढउतार) 30 टक्क्यांच्या वर जातो ते काढून टाका, कितीही गोंडस पी-व्हॅल्यू असली तरी.

हे सगळं रिव्हर्स फेजबद्दल, म्हणजे सी-18 सारख्या कॉलमबद्दल. हिलिकवर (पाण्यात सहज विरघळणारी संयुगं धरून ठेवणारा कॉलम) वेळा जास्त हलतात, तिथे ढिलाई थोडी जास्त ठेवावी लागते. जीसी-एमएस (द्रवाऐवजी वायूच्या प्रवाहात संयुगं वेगळी करणारी पद्धत) असेल तर अल्केनांची रिटेन्शन इंडेक्स (अल्केनांच्या वेळांच्या तुलनेत संयुगाची जागा) वापरा, यातलं बरंचसं डोकं खाजवावं लागणार नाही. आणि डेटा मेटाबोलाइट्ससारख्या (MetaboLights) सार्वजनिक साठ्यातून उतरवला असेल तर रनचा क्रम तुमच्या हातात नव्हता, तुम्हाला बोल लावत नाही.

पण नमुने तुमचेच असतील आणि रुग्ण एका आठवड्यात, निरोगी दुसऱ्या आठवड्यात लागले असतील, तर अलाइनमेंट जमली तरी सिग्नलच्या उंचीतला फरक आजाराचा की आठवड्याचा, हे कुठलंच करेक्शन वेगळं करू शकत नाही. प्लाझ्मा उरलाय का ते बघा. उरला असेल तर मिसळून, क्यूसीसकट पुन्हा लावा, आणि क्रम कसा लावायचा ते मशीन चालवणाऱ्याला विचारा. सर नाही म्हणाले तर त्यांना हे उत्तर दाखवलंत तरी माझी हरकत नाही.