एकट्या खासदाराच्या शेतकरी पक्षाला मत देणं म्हणजे मत वाया घालवणं नाही का? असा पक्ष लोकसभेत करतो तरी काय?

नाही, वाया जात नाही. हातकणंगले मतदारसंघात २००९ साली मी आयुष्यातलं पहिलं मत दिलं, ते शेतकऱ्यांच्या स्वाभिमानी पक्षाच्या राजू शेट्टींना. तेव्हापासून तुमचा हा प्रश्न मी आमच्या दाजींच्या तोंडून ऐकत आलेय.

त्या निवडणुकीत 'एक नोट, एक व्होट' चाललं होतं. प्रचाराचा पैसा लोकच देत होते. फेरी आमच्या गल्लीत आली तेव्हा आईनं औक्षण केलं आणि अण्णांनी ताटात शंभराची नोट ठेवली. विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर जळाला होता, त्यासाठी बाजूला काढलेल्या पैशातली ती नोट होती. दाजी तिथंच उभे होते. म्हणाले, "मामा, मत तर वाया चाललंच, वर नोटबी घातलीसा. ५४३ जणांत ह्यो एकटा काय करणार? एका कोयत्यानं फड तुटतोय काय?" अण्णा काही बोलले नाहीत. जावयाला काय बोलणार! मला मात्र ते फार लागलं.

पुढं २०१४-१५ च्या हंगामात साखरेचे भाव पडले आणि बिलं थकली. आमचा ऊस डिसेंबरात तुटून गेला, मार्च उजाडला तरी खात्यावर दमडी नाही. अण्णा कारखान्याच्या शेती ऑफिसात तीनदा जाऊन आले. तिथला क्लार्क मान वर न करता "पुढच्या आठवड्यात या" म्हणायचा. मी तेव्हा कोल्हापुरात नोकरीला होते. थकीत ऊसबिलांवर लोकसभेत विचारलेल्या एका प्रश्नाचं मंत्र्यांनी दिलेलं लेखी उत्तर मी ऑफिसात प्रिंट काढून घरी आणलं. तुटून गेलेल्या उसाचं बिल १४ दिवसांत द्यायचं, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज, हा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला. अण्णांना तो तोंडपाठ होता, पण अण्णांच्या तोंडचा नियम ऐकतो कोण?

चौथ्या खेपेला मीही बरोबर गेले. अण्णांनी वजनपावत्यांबरोबर घडी करून ठेवलेला तो कागद खिशातून काढला, टेबलावर तळहातानं सपाट केला आणि १५ टक्क्यांच्या ओळीवर बोट ठेवलं. क्लार्कनं वाचलं. मग पहिल्यांदाच म्हणाला, "बसा काका," आणि कागद घेऊन आत साहेबांकडं गेला. बिल तीन आठवड्यांनी जमा झालं. ते त्या कागदामुळंच झालं असा माझा दावा नाही, आणि व्याज तर एक रुपयाही मिळालं नाही. पण त्या दिवशी अण्णा हात न जोडता बोलले. ते मी विसरणार नाही.

तर छोटा पक्ष काय करतो, ते हे: असे प्रश्न विचारतो. चर्चेत बोलायला वेळ पक्षाच्या संख्याबळावर मिळतो, म्हणजे एकट्याला जेमतेम दोन-चार मिनिटं. प्रश्नांचं तसं नाही. तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांच्या सोडतीत पक्ष बघत नाहीत. मोठ्या पक्षाच्या खासदाराची चिठ्ठी तीच एकट्याची. सरकारला आकड्यांसकट उत्तर द्यावं लागतं आणि ते कायमचं नोंदीत राहतं. शुक्रवारी दुपारी खासगी विधेयकं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांनी मांडलेली, येतात. कर्जमुक्ती आणि हमीभावाचा हक्क अशी दोन विधेयकं शेट्टींनी २०१८ साली मांडली. मंजूर झाली नाहीत. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, तेव्हा त्यावरून त्यांना नापास करणं चूक आहे. हमीभावाच्या कायद्याची तीच मागणी पुढं दिल्लीच्या सीमेवर वर्षभर बसलेल्या शेतकऱ्यांच्या तोंडी होती. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचंच बघा. २०१० साली राज्यसभेत महिला आरक्षणाच्या बाजूनं १८६ मतं पडली आणि विरोधात एक, त्यांचं. मला ते मत अजिबात पटलेलं नाही. पण एकट्यानं उभं राहून मत नोंदवायला जी ताकद लागते ती मोठ्या पक्षाच्या खासदारात येत नाही, कारण तो व्हिपला, म्हणजे पक्षाच्या आदेशाला बांधलेला.

आता खोट. असा पक्ष आघाडीत गेला की पातळ होतो. २०१४ ला महायुती, २०१७ ला बाहेर, आणि २०१९ ला ज्यांच्या साखरसम्राटांशी जन्मभर भांडले त्या काँग्रेस-राष्ट्रवादीच्याच सोबत. लोकांनी ९६ हजारांनी पाडलं. २०२४ ला एकटे लढले तर तिसरे. उसाची एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला किमान दर, दोन तुकड्यांत देण्याचा राज्य सरकारचा निर्णय २०२५ साली उच्च न्यायालयात रद्द झाला तो शेट्टींच्याच याचिकेवर, आणि तेव्हा ते खासदार नव्हते. दाजी हे उदाहरण हटकून देतात आणि त्यावर माझ्याकडं चांगलं उत्तर नाही.

तुमच्या भागात असा पक्ष असेल तर उमेदवार कुणाबरोबर बसलाय ते बघा. आधी खासदार होता का? मग त्यानं काय काय विचारलं ते लोकसभेच्या संकेतस्थळावर वाचा, अर्धा तास पुरतो. मग द्या मत, आणि घरातल्या कुणी फडातल्या एका कोयत्याची गोष्ट सांगितली तर ऐकून घेऊ नका. त्याच हंगामात दाजींचंही बिल दुसऱ्या कारखान्यात अडकलं होतं. एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला, "ते लोकसभेचं उत्तर आहे नव्हं तुझ्याकडं? त्याची एक झेरॉक्स दे लावून." मी दुसऱ्याच दिवशी एसटीनं पाठवली.