कायमचं कोणतं टाकू?

सांगली-मिरजेत अभियांत्रिकी शिकणारी मुलं पुष्कळ आहेत, आणि घरी बसून प्रोग्रॅमिंगची कामं घेणारे तरुणही आता कमी नाहीत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेले जुने लॅपटॉप विंडोज ११ च्या अटीत बसेनात, तेव्हा यातली बरीच मंडळी लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळली. मिंट, फेडोरा, मांजारो, उबुंटू, डेबियन, आर्च हे तिचे वेगवेगळे प्रकार. मी समुपदेशक आहे. माझ्याकडे एक काळजी पूर्वीही यायची, आता ती जास्तच येते. "मिंट टाकलं, मग फेडोरा, मग मांजारो, आता परत मिंट. कशातच मन टिकत नाही." पालक तेच वेगळ्या शब्दांत सांगतात: मुलगा दिवसभर कॉम्प्युटरवर असतो, पण काम काही पुढे सरकत नाही.

वेगवेगळी लिनक्स चालवून बघणं हा कुणाचा छंद असेल, तर त्यात काहीही वावगं नाही. हा लेख त्यांच्यासाठी नाही. ज्यांची कामं अडली आहेत, झोप कमी झाली आहे आणि दर वेळी नवं लिनक्स टाकून झाल्यावर ज्यांना स्वतःचा राग येतो, त्यांच्यासाठी आहे.

निखिलचं उदाहरण घेते. नाव आणि ओळखीचे तपशील बदललेत. वय तिशीच्या आत, लग्न होऊन वर्ष झालेलं. तासगावच्या एका बेदाणा कोल्ड स्टोरेजसाठी आवक-जावक, लॉट नंबर, बॉक्सची संख्या आणि भाडं यांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर त्यानं लिहायला घेतलं होतं. मुदत कधीच उलटून गेली होती. पहिल्या भेटीला पत्नीही सोबत होती. ती म्हणाली, "रविवारी यांचा लॅपटॉप पुसला जातो आणि सोमवारी पार्टीला काय कारण सांगायचं ते शोधावं लागतं."

निखिल म्हणाला, "मॅडम, तुम्हाला यातलं कळतं असं मित्रानं सांगितलं. एवढंच सांगा, कायमचं कोणतं टाकू?"

"मी आत्ता एक नाव सांगितलं, तर ते किती दिवस टिकेल?"

तो थांबला. "पुढचा व्हिडिओ बघेपर्यंत."

म्हणून मी नाव सांगितलं नाही. त्याला नावाची गरजच नव्हती. त्याच्या मनात एक वाक्य घट्ट बसलं होतं: याहून चांगलं काहीतरी असणारच, आणि ते न शोधता बसलो तर मी कच्चा ठरेन. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते. चांगलं मिळावं ही इच्छा निरोगी असते. तीच इच्छा हट्ट झाली, की हातातली प्रत्येक वस्तू अपुरी वाटू लागते. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९५६ मध्ये मांडलेला विचारही मला इथे फार उपयोगी पडतो. आधी किमान अटी ठरवा, त्या पुऱ्या करणारा पहिला पर्याय घ्या आणि शोध तिथेच थांबवा. सगळे पर्याय तपासून सर्वोत्तम निवडायला माणसाला पुरेशी माहिती कधीच मिळत नाही, पुरेसा वेळही नाही.

मी त्याला अटी कागदावर लिहायला लावल्या, इंटरनेट बंद ठेवून. त्याच्या अटी पाचच निघाल्या. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस चालावा. मराठी टायपिंग नीट व्हावं. लॅपटॉपचं झाकण मिटून उघडलं की तो जागा व्हावा. निदान तीन वर्षं मोठी उलथापालथ नको. अडलं तर उत्तर सहज सापडावं. "या पाच अटींत बसणारी नावं सांगा," मी म्हटलं. मिंट, उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती आणि डेबियन तर सरळच बसत होती. ते पाहून तो सैलावला नाही, उलट अस्वस्थ झाला. तीनही चालत असतील तर चूक करायला जागाच कुठे उरते? आणि चुकण्याची भीती हेच तर त्याचं इंधन होतं.

तांत्रिक बाजू इथे सांगायलाच हवी, कारण बरीचशी भीती अर्धवट माहितीतून येते. बहुतेक लिनक्समध्ये कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, त्याच घराण्याचं असतं. ब्राउझर तोच, लिबरऑफिस तेच, आणि गनोम, केडीई, एक्सएफसीई हे डेस्कटॉपही (पडद्यावरची मांडणी) जवळपास सगळीकडे मिळतात. खरा फरक तीन गोष्टींत आहे: नव्या आवृत्तीचा वेग, पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर बसवणारं साधन) आणि मूळ मांडणी कुणी ठरवली. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षं सांभाळली जाते. मिंटची २२ मालिका तिच्यावरच उभी आहे, ती २०२९ पर्यंत चालेल. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, तीन वर्षांचा पूर्ण आणि पुढे दोन वर्षांचा मर्यादित आधार मिळतो. फेडोरा सहा महिन्यांनी नवं येतं आणि एक आवृत्ती जेमतेम तेरा महिने टिकते. ज्याला वर्षातून एकदा तरी मोठं अपग्रेड करायचा कंटाळा आहे, त्यानं फेडोरा घेऊ नये, आणि ज्याचा लॅपटॉप अगदी नवा आहे त्यानं ते आधी बघावं. आर्चमध्ये आवृत्तीच नसते, अपडेट वाहत राहतात. अपडेटआधी सूचना वाचायची शिस्त असेल त्याला आर्च फार शिकवतं. ती नसेल तर नेमकं काम द्यायच्या दिवशी अडवतं.

निखिलला दर वेळी हवा असायचा तो बदल बहुधा दिसण्यातला होता. केडीईचे व्हिडिओ पाहून त्यानं दोनदा अख्खा लॅपटॉप पुसला होता. आहे त्याच लिनक्सवर दुसरा डेस्कटॉप पॅकेज मॅनेजरमधून बसतो आणि लॉगिनच्या पडद्यावर निवडता येतो. आणखी एक गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. लिनक्सची माहिती देणाऱ्या ज्या डिस्ट्रोवॉच संकेतस्थळाच्या क्रमवारीवर तो विसंबून होता, ती क्रमवारी त्या संकेतस्थळावरच्या त्या त्या पानाला किती भेटी मिळाल्या यावरून लागते. कोणतं लिनक्स किती जण वापरतात याच्याशी तिचा संबंध नाही. नवीन काही आलं की लोक पान उघडतात आणि क्रमांक वर जातो.

त्यानं मिंट निवडलं. ते टाकताना मी सांगितलेल्या तीन गोष्टी त्यानं केल्या. सिस्टिमला ६० जीबीचं वेगळं पार्टिशन (डिस्कचा कप्पा) आणि उरलेली जागा स्वतःच्या फाइलींच्या होम पार्टिशनला, म्हणजे कधी पुन्हा टाकायची वेळ आली तर होमवर फॉरमॅटची खूण करायची नाही आणि फाइली जागच्या जागी राहतात. टाइमशिफ्ट सुरू, रोजच्या दोन आणि आठवड्याच्या दोन प्रती. टाइमशिफ्ट सिस्टिमची प्रत ठेवतं, तुमच्या फाइलींची नाही. त्यांचा बॅकअप वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर घ्यावा लागतो. हा गैरसमज मला सतत भेटतो आणि त्यापायी लोकांचे प्रकल्प गेलेले आहेत. तिसरी गोष्ट, इन्स्टॉल करायचा पेन ड्राइव्ह पत्नीच्या कपाटात. त्यात व्हेंटॉय होतं, एकाच ड्राइव्हवर सात-आठ लिनक्सच्या आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायच्या, फाइली. साधन उत्तम आहे, पण या सवयीच्या माणसाच्या खिशात ते नको.

तिसऱ्या भेटीत तो आला तोच हिरमुसून.

"मॅडम, मिंटवरही वायफाय तुटतंय. म्हणजे मिंटही नाही."

"फेडोरावर तुटायचं का?"

"हो."

"मांजारोवर?"

"तिथेही. म्हणून तर सोडलं."

"उबुंटूवर?"

तो बोलायचा थांबला. मी मध्ये काहीच बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं गप्प राहणं हेच काम असतं, घाईनं वाक्य पुरं केलं की त्या माणसाचा शोध आपला होऊन जातो.

मग तो हळू म्हणाला, "म्हणजे बिघाड माझ्यासोबतच फिरतोय."

मला ज्याची वाट होती ते हेच वाक्य. तोवर प्रत्येक बिघाड त्याला निवड चुकल्याचा पुरावा वाटायचा. बिघाड ही एक वेगळी गोष्ट आहे, तिची एक जागा असते, आणि ती जागा शोधता येते, हे त्यानं पहिल्यांदा पाहिलं. पाणी मानवत नाही म्हणून घर बदलत राहणाऱ्यानं तांब्या कधी धुतलाच नव्हता, असं काहीसं. मी त्याला त्या आठवड्याचं काम दिलं: काहीही नवं टाकायचं नाही. हा बिघाड कोणत्या थरात आहे ते लिहायचं. हार्डवेअर, ड्रायव्हर, सिस्टिमची सेटिंग, डेस्कटॉप की ॲप? सापडला नाही तरी चालेल, कुठे कुठे पाहिलं ते लिहून आणायचं.

तो उत्तर घेऊनच आला. लॅपटॉप वीज वाचवायला वायफाय कार्डाला डुलकी घ्यायला लावत होता. उबुंटू आणि मिंटमध्ये नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगच्या फोल्डरात एक छोटी फाइल असते, तिच्यात वायफाय पॉवरसेव्हपुढे ३ लिहिलेलं असतं, म्हणजे बचत चालू. तिथे २ केलं आणि नेटवर्कमॅनेजर पुन्हा सुरू केला की बचत बंद. इतर लिनक्सवर ती फाइल नसली तरी बरेच ड्रायव्हर स्वतःहूनच बचत चालू ठेवतात, म्हणून तो कुठेही गेला तरी वायफाय तुटत होतं. बॅटरी थोडी लवकर उतरते, तेवढं सोसायचं. काम अर्ध्या तासाचं होतं. त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड होता तो नवं लिनक्स टाकल्यावर कधी आला नव्हता, असं पत्नीनं नंतर सांगितलं. अशा क्षणांचं मला समाधान वाटतं, आणि ते मी लपवत नाही.

यातून मला स्पष्ट दिसलेली गोष्ट सांगते. नवं लिनक्स टाकायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, पट्टी पूर्ण भरते, पडदा स्वच्छ उघडतो. काम फत्ते झाल्याची भावना लगेच मिळते. बेदाण्याच्या हिशेबात अशी पट्टी नसते, तिथे चार दिवस राबूनही भाड्याचा आकडा चुकीचा येतो. मन सहज मिळणाऱ्या समाधानाकडे वळतं. "आता बस, बदलायचं नाही" असा निश्चय त्यापुढे दोन आठवडेही टिकत नाही, कारण निश्चयातून समाधान मिळत नाही. जागच्या जागी केलेल्या दुरुस्तीतून मिळतं. म्हणून मी सवय तोडा असं सांगत नाही. दुरुस्ती शिका असं सांगते.

वहीचा उपाय यापुढचा. बदलायची हुक्की आली की वेळ लिहायची, त्याआधी काय करत होतो ते लिहायचं आणि वीस मिनिटं थांबायचं. हुक्की लाटेसारखी चढते आणि ओसरते, हे वाचून पटत नाही, वहीत दिसलं की पटतं. निखिलच्या वहीत बहुतेक नोंदी भाड्याच्या हिशेबाचा कोड उघडल्यानंतरच्या होत्या. त्यावर मी भाष्य केलं नाही, त्यानंच त्या नोंदींखाली पेन्सिलनं रेघ मारली होती.

कुतूहल मारायची गरज नाही, त्याला जागा ठरवून द्या. शनिवारी संध्याकाळी एक तास, व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये. बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू असावं. लॅपटॉपला ८ जीबी रॅम असेल तर मशीनला ४ द्या, प्रोसेसरचे दोन कोअर आणि २५ जीबी डिस्क. मात्र वायफाय, झोप-जाग आणि ग्राफिक्स यांची परीक्षा व्हर्च्युअल मशीनमध्ये होत नाही, ती लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणाऱ्या, पेन ड्राइव्हवरच होते. तिथे मराठीही तपासा: इन्स्क्रिप्ट कीबोर्डनं "वाऱ्यावर" आणि "क्लृप्ती" टाइप करून जोडाक्षरं नीट जुळतात का पाहा. एवढं आधी केलं तर निम्म्या तक्रारी नंतर येतच नाहीत.

मध्ये एकदा घसरणही झाली. एका अपडेटनंतर पडदा काळा राहिला, एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नव्या कर्नलशी जुळला नव्हता. रात्री त्यानं पेन ड्राइव्ह मागितला, पत्नीनं दिला नाही आणि वादही घातला नाही, "सकाळी देते" एवढंच म्हणाली. घरच्यांनी असंच वागावं. टोमणा मारला की माणूस हट्टाला पेटतो. सकाळपर्यंत निखिलनं चालू होतानाच्या ग्रब मेन्यूत प्रगत पर्यायांतून आधीचं कर्नल निवडून लॅपटॉप सुरू केला होता. ड्रायव्हरचं नंतर सावकाश पाहिलं.

शेवटच्या भेटीत त्यानं एक कागद पुढे केला. कोल्ड स्टोरेजवरच्या जुन्या डेस्कटॉपवर डेबियन १३ टाकायचं होतं, बदल म्हणून नव्हे, सॉफ्टवेअर तिथे चालवायचं होतं म्हणून. कागदावर लिहिलेलं होतं: कशासाठी हवं, किती वर्षं चालेल, बिघडलं तर परत कसं जायचं. यंत्र ६४ बिटचं आहे हेही त्यानं तपासलं होतं, कारण डेबियन १३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही. बॅकअपच्या डिस्कचा आकार तेवढा लिहायचा राहिला होता. तो लिहा, म्हटलं, आणि टाका.