फायबर म्हणजे नेमकं काय? पोईवरचा (म्हणजे गोव्यातल्या पावावरचा) कोंडा फायबरच का?

हो, कोंड्यात फायबर भरपूर असतं. फायबर म्हणजे वनस्पतींमधला तो भाग, जो आपल्या लहान आतड्यात पचत नाही आणि तसाच मोठ्या आतड्यात उतरतो. मी म्हापशाला बारावीला रसायनशास्त्र शिकवतो, तिथे हे उदाहरण नेहमी देतो: भातातला स्टार्च आणि कोंड्यातलं सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजचेच मणी ओवून झालेल्या माळा. फरक फक्त गाठीचा. स्टार्चची गाठ आपली पाचकरसं सोडवतात, सेल्युलोजची सोडवणारं एन्झाइम माणसाकडे नाहीच. रात्री भिजवलेले अळसांदे (चवळीसारखं कडधान्य) सकाळी चोळले की बोटांत येणारं पातळ साल बघा, त्यात सेल्युलोज भरपूर असतं. फायबरमध्ये सेल्युलोजच्या जोडीला असतात:

- हेमिसेल्युलोज
- पेक्टिन (पेरूची जेली याच्यामुळेच घट्ट होते)
- डिंक आणि भेंडीची बुळबुळ
- लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ. हे मात्र कर्बोदक नाही

पेक्टिनसारखे विरघळणारे प्रकार मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून तयार होणारं ब्युटिरेट (एक छोटं मेदाम्ल) तिथल्या पेशींना ऊर्जा देतं. म्हणून ‘फायबर म्हणजे नुसता चोथा’ हे मला अजिबात पटत नाही.

एक लक्षात ठेवा: मैद्याच्या पोईवर कोंडा नुसता भुरभुरलेला असेल तर त्यातून मिळणारं फायबर नगण्यच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना रोज किमान 25 ग्रॅम सांगते, पण एकदम वाढवू नका, पोट फुगतं. हळूहळू वाढवा आणि पाणी जास्त प्या.