शंका-समाधान : ‘यावे’ आणि ‘येईल’ यांच्यामधले इंग्रजी

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांचा विषय जवळपास एकच होता. इंग्रजीत ‘दॅट’ने सुरू होणाऱ्या गौण वाक्यात विल, वुड, शुड, मे, मस्ट यांपैकी कोणते मोडल सहायक क्रियापद घालायचे, आणि कधी कोणतेच घालायचे नाही, असा तो विषय आहे. त्यामुळे ही पाचही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी एका कार्यालयात कनिष्ठ लिपिक आहे. आमच्याकडे रजेच्या अर्जात ‘इट इज रिक्वेस्टेड दॅट माय लीव्ह मे काइंडली बी ग्रँटेड’ असे लिहिण्याची पूर्वापार पद्धत आहे. नव्या साहेबांनी माझ्या अर्जातले ‘मे काइंडली’ खोडून नुसते ‘बी ग्रँटेड’ ठेवले. ‘बी’च्या आधी काहीच नसेल तर वाक्य अपुरे राहत नाही का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : वाक्य अपुरे राहत नाही. साहेबांनी ठेवलेले रूप पूर्ण आणि शुद्ध आहे. ते तसे का आहे हे मात्र मराठीकडून गेले तर लवकर कळते. ‘तो येईल असे तिने सांगितले’ आणि ‘त्याने यावे असे तिने सांगितले’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. ‘सांगितले’ दोन्हीकडे आहे, पण पहिल्या वाक्यात तिने एक माहिती दिली आहे आणि दुसऱ्यात आपली इच्छा किंवा सूचना कळवली आहे. हा फरक मराठीत गौण वाक्यातले क्रियापद दाखवते. ‘यावे’ हे ज्याला आपल्या व्याकरणात विध्यर्थ म्हणतात त्याचे रूप आहे, आणि ते दिसताच पुढे हुकूम, विनंती, अपेक्षा यांपैकी काहीतरी आहे हे ऐकणाऱ्याला उमगते.

इंग्रजीतही एके काळी अशा अर्थासाठी क्रियापदाची वेगळी रूपे होती. कालांतराने शब्दांच्या शेवटचे प्रत्यय झिजत गेले, ती रूपे साध्या वर्तमानकाळापासून ओळखू येईनाशी झाली, आणि मोकळ्या झालेल्या जागेत ‘शुड’सारखी मोडल क्रियापदे येऊन बसली. जुन्या रूपांच्या ज्या थोड्या खुणा शिल्लक आहेत त्यांतली एक म्हणजे तृतीय पुरुषी एकवचनात ‘एस’ न लागणे (‘वी इन्सिस्ट दॅट ही अटेंड’), आणि दुसरी म्हणजे इज, आर, वॉज यांच्या जागी नुसते ‘बी’ येणे. तुमच्या अर्जातले ‘बी ग्रँटेड’ म्हणजे ‘मंजूर व्हावी’ यातले ‘व्हावी’ आहे. डिमांड, रेकमेंड, प्रपोज, ऑर्डर यांसारखी क्रियापदे आणि ‘इट इज एसेन्शियल’, ‘इट इज नेसेसरी’ यांसारखी वाक्यारंभाची रूपे याच रचनेची मागणी करतात. सभेत ठराव मांडताना म्हणतात ते ‘आय मूव्ह दॅट द मीटिंग बी अ‍ॅडजर्न्ड’ हे तिचेच उदाहरण आहे.

या रचनेत दोन गोष्टींकडे लक्ष ठेवावे लागते. मुख्य क्रियापद भूतकाळात गेले तरी गौण वाक्यातले रूप हलत नाही, म्हणून ‘ही रिक्वेस्टेड दॅट द लीव्ह बी ग्रँटेड’ असेच लिहायचे, ‘वॉज ग्रँटेड’ नव्हे. नकारासाठी ‘डू’ची मदत घ्यायची नाही; ‘ही रिक्वेस्टेड दॅट ही नॉट बी ट्रान्स्फर्ड’ हे कानाला कितीही ओबडधोबड वाटले तरी बरोबर आहे.

आता तुमच्या ‘मे’विषयी. ते आकाशातून पडलेले नाही. प्रार्थना आणि शुभेच्छा यांच्यानंतर ‘मे’ वापरण्याची जुनी औपचारिक रीत इंग्रजीत आहे, आणि आपल्याकडच्या न्यायालयीन अर्जांच्या शेवटी ‘प्रेज दॅट धिस ऑनरेबल कोर्ट मे बी प्लीज्ड टू’ ही शब्दावली आजही असते. तिथून ती कार्यालयीन पत्रांत रुळली असावी असे मला वाटते. त्यामुळे जुन्या टिपणांना चूक म्हणण्याचे कारण नाही. मात्र ‘रिक्वेस्टेड’, ‘मे’ आणि ‘काइंडली’ असे तीन वेळा हात जोडल्यावर वाक्यातल्या मूळ मागणीकडे वाचणाऱ्याचे लक्ष उरत नाही. शिवाय ‘इट इज रिक्वेस्टेड’ ही ‘विनंती करण्यात येते की’ची सरळसरळ छाया आहे. अर्ज तुमचा आहे, विनंतीही तुम्हीच करता आहात. तेव्हा ‘आय रिक्वेस्ट दॅट माय लीव्ह बी ग्रँटेड’ असे लिहावे.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत शाळेत जाते. तिने ‘द डॉक्टर सजेस्टेड दॅट ही शुड रेस्ट’ असे लिहिले, तर शिक्षिकेने ‘शुड’भोवती वर्तुळ काढले. आम्ही तर शाळेत हेच शिकलो. मग चूक कोणाची?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : चूक कोणाचीच नाही. तुमच्या शाळेतल्या इंग्रजीवर ब्रिटिश वळण होते आणि त्या वळणात सजेस्ट, रेकमेंड, इन्सिस्ट यांच्यानंतर ‘शुड’ घालणे पूर्णपणे प्रतिष्ठित आहे. अमेरिकेत वर सांगितलेले ‘शुड’विरहित रूप, म्हणजे ‘दॅट ही रेस्ट’, अधिक पसंत केले जाते. गेल्या काही दशकांत ब्रिटिश लेखनातही ते पुन्हा वाढले आहे. मुलीने तिथल्या शिक्षिकेचे ऐकावे. तुम्ही पत्रात ‘शुड’ लिहीत राहिलात तरी हरकत नाही.

‘सजेस्ट’चे दोन अर्थ मात्र तिला आवर्जून समजावून सांगा. ‘पुराव्यावरून असे सूचित होते की तो घरी होता’ आणि ‘त्याने घरी राहावे असे डॉक्टरांनी सुचवले’ यांत मराठीने ‘सूचित होणे’ आणि ‘सुचवणे’ असे शब्दच वेगळे केले आहेत. इंग्रजीत दोन्हीकडे ‘सजेस्ट’ येते. पहिल्या अर्थाने ‘द एव्हिडन्स सजेस्ट्स दॅट ही वॉज अ‍ॅट होम’ असे लिहायचे आणि तिथे ‘शुड’ही नको, नुसते ‘बी’ही नको. ‘इन्सिस्ट’चे तसेच आहे: ‘शी इन्सिस्ट्स दॅट ही पेज रेंट’ म्हणजे तो भाडे भरतो असे ती ठासून सांगते, आणि ‘शी इन्सिस्ट्स दॅट ही पे रेंट’ म्हणजे त्याने भाडे भरावे असा तिचा आग्रह आहे. एका ‘एस’वर भांडण उभे राहू शकते. ब्रिटिश बोलीत दुसऱ्या अर्थानेही ‘पेज’ ऐकू येते, त्यामुळे करारनाम्यासारख्या कागदात ‘शुड पे’ किंवा ‘पे’ असे निःसंदिग्ध रूपच वापरावे.

प्रश्न : ‘ही सेड दॅट ही विल कम’ या उत्तराचा एक गुण मी कापला. पालक म्हणतात की इंग्रजी वर्तमानपत्रांतही असे छापून येते. माझे बरोबर आहे ना?
– एक शिक्षिका, लातूर

उत्तर : प्रश्न ‘अप्रत्यक्ष कथनात रूपांतर करा’ असा असेल तर गुण कापणे नियमाला धरून आहे, वाक्य अशुद्ध आहे असे मात्र मुलाला सांगू नका. सर्वसाधारण नियम असा की मुख्य वाक्य भूतकाळात असेल तर गौण वाक्यातले विल, कॅन, मे हे अनुक्रमे वुड, कुड, माइट होतात. वुड, कुड, माइट, शुड आणि ऑट टू आधीपासूनच असतील तर ते तसेच राहतात. पण सांगितलेली गोष्ट अजून व्हायची असेल तर ‘विल’ तसेच ठेवता येते. समजा, एकाने शुक्रवारी सांगितले की तो रविवारी येईल. शनिवारी ही बातमी देताना ‘ही सेड दॅट ही विल कम ऑन संडे’ म्हटले तर ते योग्यच आहे, कारण रविवार अजून उजाडायचा आहे. सोमवारी तीच गोष्ट सांगताना मात्र ‘वुड’ला पर्याय नाही. आणि त्या ‘वुड’वरून तो आला की नाही हे कळत नाही, मराठी ‘येणार होता’मध्ये ‘पण आला नाही’ अशी कुजबुज असते, ती ‘वुड’मध्ये असतेच असे नाही.

‘मस्ट’ची गंमत वेगळी आहे. त्याला भूतकाळाचे स्वतःचे रूप नाही. सक्ती सांगायची असेल तर ‘ही सेड दॅट ही मस्ट गो’ आणि ‘ही सेड दॅट ही हॅड टू गो’ ही दोन्ही चालतात. अंदाज सांगायचा असेल, म्हणजे ‘तो आजारीच असणार असे तिला वाटले’, तर ‘शी थॉट दॅट ही मस्ट बी इल’ हेच लिहावे. तिथे ‘हॅड टू’ घातले तर त्याला आजारी पडणे भाग होते असा भलताच अर्थ निघू शकतो.

माझ्या हाताखालून गेलेल्या उत्तरपत्रिकांत यापेक्षा मोठी चूक सर्वनामाची असे. ‘तो म्हणाला की मी येईन’ हे उत्तम मराठी आहे, कारण आपले ‘की’ बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे पुढे आणते. मुले त्याचे ‘ही सेड दॅट आय विल कम’ करतात, आणि येण्याची जबाबदारी सांगणाऱ्याच्या गळ्यात पडते. एक गुण कापायचाच असेल तर तो इथे कापावा.

प्रश्न : ‘आय विश दॅट यू विल सक्सीड’ हे वाक्य शुभेच्छापत्रावर चालेल का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : चालणार नाही. ‘विश दॅट’नंतर येते ती हातून निसटलेली किंवा होण्याची फारशी आशा नसलेली गोष्ट, म्हणून तिथे वुड, कुड किंवा भूतकाळी रूप लागते: ‘आय विश दॅट यू कुड स्टे’ म्हणजे तुला राहता आले असते तर बरे झाले असते. शुभेच्छेसाठी ‘आय होप दॅट यू विल सक्सीड’ किंवा नुसते ‘आय विश यू सक्सेस’ लिहावे.

प्रश्न : आमचे सर सांगतात की मराठीत ‘-वा, -वी, -वे’ आले की इंग्रजीत ‘शुड’ घाला. हा नियम कायम चालतो का?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : तो तुम्हाला वाटते त्यापेक्षा दूरवर चालतो आणि नंतर एका ठिकाणी दगा देतो. ‘त्याने असे बोलावे याचे मला आश्चर्य वाटते’ या वाक्यात हुकूम नाही, विनंती नाही, आणि तरीही मराठीने ‘बोलावे’ घेतले आहे. इंग्रजीतही नेमके तेच होते: ‘आय अ‍ॅम सरप्राइज्ड दॅट ही शुड से सो’. इथल्या ‘शुड’चा कर्तव्याशी काही संबंध नाही. तो बोलला आहे हे आपल्याला ठाऊक आहे. पण घटना नुसती सांगण्याऐवजी तिच्याकडे जरा लांबून, भुवया उंचावून पाहायचे असते तेव्हा दोन्ही भाषा हे रूप घेतात. हेतू सांगतानाही थोडे असेच घडते. ‘सगळ्यांना ऐकू जावे म्हणून ती मोठ्याने बोलली’ याचे औपचारिक इंग्रजी ‘शी स्पोक लाउडली सो दॅट ऑल माइट हिअर’ असे होईल. रोजच्या बोलण्यात ‘माइट’ऐवजी ‘कुड’ येते. म्हणजे अर्थ विध्यर्थाचाच असला तरी मोडल क्रियापद बदलले.

दगा देणारे रूप म्हणजे ‘असावा’. ‘मला वाटते की तो घरी असावा’ याचे ‘आय थिंक दॅट ही शुड बी अ‍ॅट होम’ असे भाषांतर केले तर त्याने घरी असले पाहिजे असे तुमचे मत आहे, असाही अर्थ होऊ शकतो. तुम्हाला फक्त अंदाज करायचा आहे. खात्री थोडी असेल तर ‘मे बी’, बरी असेल तर ‘इज प्रॉबेबली’, आणि दारात त्याची चप्पल दिसत असेल तर ‘मस्ट बी’ लिहा. चप्पल पाहिल्यावर मराठीतही आपण ‘असावा’ म्हणत नाही, ‘असणारच’ म्हणतो.