सोलापूर शहरातून, गच्चीवरूनच, तेजोमेघाचे नॅरोबँड (प्रकाशाच्या ठरावीक अरुंद पट्ट्यांतले) फोटो निघतील का? माझ्याकडे कलर कॅमेरा आहे.

हो, निघतात, आणि कलर कॅमेऱ्याला एक ड्युअल-बँड फिल्टर लावला की पुरे. तेजोमेघातला हायड्रोजन 656.3 नॅनोमीटर तरंगलांबीला चमकतो, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन 500.7 ला, फिल्टर तेवढ्या दोन अरुंद पट्ट्या आत सोडतो आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा बहुतेक उजेड बाहेर ठेवतो. मी होटगी रोडजवळच्या गच्चीवरून थंडीत रोझेट तेजोमेघ असाच टिपतो: 300 सेकंदांची एकेक फ्रेम, एकूण पाच-सहा तास. एकट्या फ्रेममध्ये जेमतेम लालसर धूर दिसतो. सगळ्या फ्रेम एकत्र करून (स्टॅक) अंधुक भाग उजळले (स्ट्रेच) की मधल्या तारकागुच्छाभोवतीची पोकळी आणि धुळीच्या काळ्या रेघा उमटतात, ते बघताना अजूनही अंगावर काटा येतो. प्रोसेसिंगमध्ये रंगांचे चॅनेल आधी वेगळे करा: लाल म्हणजे हायड्रोजन, हिरवा-निळा म्हणजे ऑक्सिजन. ऑक्सिजन बहुधा फिकाच येतो, म्हणून त्याला स्वतंत्र स्ट्रेच करा, मगच एकत्र करा; इथेच घाई नडते. डार्क फ्रेम्स (झाकण लावून घेतलेल्या, सेन्सरचा नॉइज वजा करायला) त्याच तापमानाला, तेवढ्याच सेकंदांच्या घ्या. आपल्या मार्च-एप्रिलच्या उकाड्यात कूलिंग नसलेल्या सेन्सरचा नॉइज फार वाढतो. चांदण्या रात्री हायड्रोजन चालतो, ऑक्सिजन मात्र अमावस्येच्या आसपासच. एक मर्यादा: कृत्तिकांभोवतीचा निळा धुरळा किंवा दीर्घिका या फिल्टरने साधत नाहीत, कारण त्यांचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो. त्यासाठी फिल्टर काढून शहराबाहेर अंधारातच जावं लागतं.